गेलेले रूळ, उरलेल्या भिंती: महाराष्ट्रातील ग्रामीण रेल्वे स्थानकांचा आढावा

महाराष्ट्रातील ग्रामीण रेल्वे स्थानकांचा इतिहास तपासताना एक विसंगती वारंवार समोर येते. ज्या मार्गांवर गाड्या चालू राहिल्या, तेथील जुनी स्थानके रुंद रुळांच्या आणि नव्या फलाटांच्या कामात बहुतांशी नाहीशी झाली; आणि ज्या मार्गांवरील गाड्या बंद पडल्या, तेथे स्थानकांच्या इमारती भिंतींपुरत्या का होईना उभ्या राहिल्या, पण त्यांचा गावाशी असलेला संबंध संपला. जतनाची चर्चा बहुधा दुसऱ्या प्रकारच्या स्थानकांभोवती फिरते, कारण पडकी इमारत डोळ्यांना दिसते, छायाचित्रात येते आणि हळहळ निर्माण करते. पहिल्या प्रकारात काय गेले याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

रेल्वेच्या व्यवहारात सगळी स्थानके एकाच दर्जाची नसतात, हे आरंभीच लक्षात घ्यावे लागते. जेथे स्टेशन मास्तर पुढच्या स्थानकाकडून मार्ग मोकळा असल्याची खात्री करून घेतो आणि मगच गाडी पुढे सोडतो, ते ब्लॉक स्थानक. जेथे सिग्नल नाही, बाजूचे रूळ नाहीत, गाडी केवळ प्रवाशांसाठी थांबते आणि तिकिटे पुष्कळदा दलालीवर नेमलेला एजंट विकतो, तो हॉल्ट. रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, हाही दर्जाचाच एक निकष ठरत आला आहे. भारतात ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा, मीटरगेज 1,000 मिलिमीटरचा, आणि नॅरोगेज 762 किंवा 610 मिलिमीटरचा असतो. महाराष्ट्रातील खेड्यांच्या वाट्याला पुष्कळ ठिकाणी शेवटचे दोन प्रकार आले, आणि 1992 मध्ये सर्व मार्ग ब्रॉडगेज करण्याचे धोरण रेल्वेने स्वीकारल्यावर या स्थानकांचे भवितव्य जवळजवळ ठरून गेले.

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांना या इतिहासात वेगळेच स्थान आहे, कारण तेथे आजवर एकही रेल्वे स्थानक झालेले नाही. हे दुर्लक्ष प्राचीन काळापासूनचे मुळीच नव्हे. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातून देशावर येणारा व्यापारी मार्ग नाणेघाटाने जुन्नरला पोहोचत असे, आणि राणी नागनिकेचा शिलालेख त्याच घाटातील लेण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या आरंभीच्या योजनांत सह्याद्री चढण्यासाठी माळशेज घाटाचाही विचार झाला होता. घाटमाथ्यावरचे मढ हे गाव, पुढे ओतूर आणि मग पूर्वेकडची सपाटी हा त्या वाटेचा स्वाभाविक क्रम होता. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांच्या देखरेखीखालील सर्वेक्षणांनंतर माळशेज मागे पडला, आणि उत्तरेकडे थळ घाट व दक्षिणेकडे बोरघाट अशी दुहेरी वाट पक्की झाली. खंडाळा ते पुणे हा टप्पा 1858 मध्ये सुरू झाला, 25 बोगद्यांचा बोरघाट 1863 मध्ये खुला झाला आणि थळ घाट 1865 मध्ये. दोन्ही घाटांत चढण 37 फुटांना 1 फूट इतकी तीव्र ठेवावी लागली. या दोन वाटांच्या मधला सारा डोंगराळ पट्टा रेल्वेच्या नकाशावर कोरा राहिला.

त्याचा परिणाम आजही दिसतो. ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरच्या बाजारातील भाजीपाला ट्रकने मुंबईकडे जातो. या भागातील बाजार समित्या पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर या महामार्गांच्या आधाराने वाढल्या. रेल्वेने जोडलेल्या तालुक्यांत जे काम मालधक्क्याने केले, म्हणजे ज्या उंचवट्याच्या फलाटावर वाघिणी लागत आणि माल चढे-उतरे त्या जागेने, ते येथे रस्त्यावरील बाजाराने केले. म्हणून रेल्वे आली नाही तर भाग मागासच राहतो, हा सरसकट निष्कर्ष या तालुक्यांना लावता येत नाही. रेल्वेची मागणी मात्र कायम आहे. कल्याण–मुरबाड–अहिल्यानगर या माळशेजमार्गे जाणाऱ्या रेल्वेचा प्रश्न अनेक दशके चर्चेत आहे. पुणे–नाशिक हा सुमारे 235 किलोमीटरचा मध्यम-अतिजलद मार्ग मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखला गेला होता, पण नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची ही दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपते, आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे निर्माण होणारा रेडिओ गोंगाट तिला बाधक ठरू शकतो. या आक्षेपामुळे रेल्वे मंत्रालयाने मूळ आखणी बाजूला ठेवून शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे केला, आणि स्थानिक पातळीवर मूळ मार्गाचा आग्रह सुरूच राहिला. बर्कलींच्या काळात येथे डोंगर आडवा आला, आताच्या काळात आकाश.

ग्रामीण स्थानक कसे जन्मास येते, हे समजण्यासाठी बार्शी लाइट रेल्वेइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा 21 मैलांचा मार्ग 762 मिलिमीटर गेजवर सुरू केला. त्याची मूळ कल्पना साधी होती: प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्व गाड्यांचे आस याच मापाला बांधून घ्यायचे. भार सारखा वाटला गेल्यामुळे हलक्या रुळांवरून भरपूर माल नेता येतो, वळणे आवळता येतात, पूल स्वस्तात होतात, आणि जेथे ब्रॉडगेज कधीच परवडले नसते अशा गावात गाडी पोहोचते. पुढे 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरज जोडले गेले, आणि मार्गाची लांबी 202 मैलांवर, म्हणजे सुमारे 325 किलोमीटरवर गेली. एका टोकाला बार्शी व लातूरचा व्यापार, मधे विठ्ठलाची वारी आणि दुसऱ्या टोकाला दक्षिण महाराष्ट्राशी सांधा, अशी या मार्गाची घडण होती. माल वर्षभर, तर वारकरी आषाढी-कार्तिकीला. त्यामुळे एरवी सुस्त असणारी छोटी स्थानके वर्षातून काही दिवस गर्दीने ओसंडत. हा खासगी मार्ग 1954 मध्ये सरकारने विकत घेतला.

इतरत्र कारणे निराळी होती. दौंड–मनमाड मार्ग 1878 मध्ये पूर्ण झाला, त्यामागे 1876–78 च्या दुष्काळाची पार्श्वभूमी होती. दुष्काळात धान्य हलवता यावे आणि उपाशी माणसांना काम मिळावे, असे दोन्ही हेतू अशा रेल्वेकामांत मिसळलेले असत. वऱ्हाडात कापसाने रूळ ओढून आणले. मूर्तिजापूर–यवतमाळ हा 113 किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे 76 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, ज्याला लोकांनी शकुंतला असे नाव दिले, वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत व तेथून मुंबई बंदरापर्यंत पोहोचावा म्हणून किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली चालवला गेला. स्वातंत्र्यानंतरही त्याची मालकी खासगी कंपनीकडे आणि गाड्या चालवण्याचे काम भारतीय रेल्वेकडे राहिले, ही या मार्गाची सर्वाधिक चर्चिली गेलेली बाब. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनवलेली वाफेची इंजिने येथे 1994 पर्यंत धावत होती.

अशा स्थानकाची रचना जवळजवळ सगळीकडे एका साच्याची असे. दगडी किंवा विटांची छोटी इमारत, तिच्यात स्टेशन मास्तरची खोली आणि तिकीट खिडकी, पुढे बसण्याची पडवी, एका अंगाला मालधक्का व गोदाम, इंजिनासाठी पाण्याची टाकी व तिला पुरवठा करणारी विहीर, आणि रुळांपासून थोड्या अंतरावर कर्मचाऱ्यांची घरे. पुठ्ठ्याचे जाड, छोटे तिकीट आणि एका रुळाच्या मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून चालकाच्या हाती दिला जाणारा लोखंडी गोळा, अर्थात टोकन, ही या व्यवस्थेची दोन ठळक साधने होती. टोकनाचे यंत्र दोन शेजारी स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेले असे आणि एका बाजूचा गोळा बाहेर निघाला की तो परत जमा होईपर्यंत दुसरा गोळा निघत नसे, त्यामुळे दोन खेड्यांमधली सुरक्षितता या एका साध्या अडथळ्यावर चाले. कोरड्या प्रदेशात स्थानकाच्या विहिरीला कधीकधी फलाटापेक्षा जास्त महत्त्व असे. स्थानकाच्या आवारात पहिले हॉटेल, पहिले टपाल आणि पहिले घड्याळ आले, अशी गावे कमी नाहीत. मात्र याचा नेमका क्रम प्रत्येक गावी तपासावाच लागतो, कारण स्थानिक स्मृती या बाबतीत उदार असते.

स्थानकाचे ऐतिहासिक मोल त्याच्या बांधकामावरून ठरवणे किती अपुरे आहे, हे सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावरून स्पष्ट होते. पुणे–मिरज मीटरगेज मार्गावरील हे एक सामान्य स्थानक. 1901 साली बाल भीमराव आंबेडकर आपल्या घरातील इतर मुलांबरोबर साताऱ्याहून गाडीने निघून वडिलांना भेटायला कोरेगावकडे जाताना येथे उतरले. वडील तेथे दुष्काळी कामाच्या ठिकाणी खजिनदार होते. नीटनेटक्या कपड्यांतल्या या मुलांची चौकशी करताना ती महार आहेत हे कळल्यावर स्टेशन मास्तराची वागणूक पालटली आणि एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान तयार झाला. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग नोंदवला. तिकीट सर्वांना सारखे देणारी रेल्वे आणि फलाटाबाहेर तत्काळ सुरू होणारी जातव्यवस्था, यांची सीमारेषा नेमकी कोठे होती, हे महाराष्ट्रातील फार थोड्या जागा इतक्या स्पष्टपणे दाखवू शकतात. पुणे–मिरज मार्ग 1971 पर्यंत ब्रॉडगेज झाला. तेथे जतनाचा प्रश्न वास्तुशैलीचा राहतच नाही. तो जागा ओळखून तिची नोंद ठेवण्याचा आहे, आणि एखाद्या नक्षीदार कमानीपेक्षा मसूरला संरक्षणाचा अधिक हक्क पोहोचतो.

रुंदीकरणाने स्थानके कशी बदलतात, हे बार्शी मार्गावर 2000 नंतरच्या दशकात दिसले. ब्रॉडगेज गाड्यांना सौम्य वळणे व सौम्य चढ लागतात. त्यामुळे नॅरोगेजची जुनी आखणी जशीच्या तशी वापरता आली नाही. नव्या आखणीत जिल्ह्याचे ठिकाण असूनही मूळ मार्गापासून दूर राहिलेले धाराशिव रेल्वेवर आले, ही फार मोठी सोय होती. लातुरात मात्र गावाच्या पोटातले नॅरोगेज स्थानक मागे पडले आणि नवे स्थानक वेगळ्या जागी झाले. कुर्डुवाडी–पंढरपूर, मग लातूरची बाजू आणि शेवटी पंढरपूर–मिरज असे टप्प्याटप्प्याने काम झाले आणि 2011 पर्यंत बार्शी लाइट रेल्वेचे नॅरोगेज रूप संपुष्टात आले. येथे कोणी अन्याय केला असे म्हणता येत नाही: मुंबईला थेट गाडी मिळालेल्या लातूरकराला ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने जाणारी गाडी परत हवी, असे मानणे हौशी मंडळींचा भाबडेपणा ठरेल. आक्षेप इतकाच की रूळ उचलण्यापूर्वी स्थानकांचे मोजमाप, आराखडे व छायाचित्रे यांचा पद्धतशीर संच तयार करणे हे कामाच्या कंत्राटाचा भाग नव्हते, आणि तो भाग करण्यास फारसा खर्चही आला नसता.

बंद पडलेल्या मार्गांची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा–जामनेर ही 56 किलोमीटरची नॅरोगेज गाडी मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबली आणि नंतर सुरू झाली नाही. मार्गाच्या रुंदीकरणाचा विषय पुढे आला. शकुंतलेच्या दोन्ही शाखा त्याआधीच एकामागून एक थांबत गेल्या होत्या. या मार्गावर शेवटच्या काळात गाडीबरोबर जाणारे कर्मचारीच तिकिटे देत, फाटके लावत आणि गाडी जोडण्या-सोडण्याची कामे करत, कारण वाटेवरच्या स्थानकांतून माणसे केव्हाच काढून घेतली गेली होती. म्हणजे गाडी चालू असतानाच स्थानक रिकामे झाले होते. हे सूक्ष्म आणि महत्त्वाचे आहे: ग्रामीण स्थानकाचे मरण बहुधा गाडीच्या आधी सुरू होते. मालवाहतूक रस्त्यावर गेली की मालधक्का ओस पडतो, मग मास्तर जातो, मग स्थानकाचा दर्जा घसरून हॉल्ट होतो, आणि हॉल्टवर गाडीचा थांबा रद्द करण्यासाठी केवळ वेळापत्रकातील एक ओळ पुरते. 2020 नंतर नव्याने आखलेल्या वेळापत्रकांत कमी प्रवासी असलेल्या अनेक छोट्या ठिकाणांचे थांबे गेले, ते याच मार्गाने.

जतनाच्या प्रयत्नांत आजवर इंजिनाला झुकते माप मिळाले. देशभर स्थानकांसमोर चौथऱ्यावर रंगवलेली वाफेची इंजिने उभी आहेत, दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 पासून आणि नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय 2002 पासून अशा वस्तू सांभाळून आहे. इंजिन हलवता येते, म्हणून ते वाचते. स्थानक हलत नाही, म्हणून ते त्या जागेच्या नशिबाला बांधलेले असते. धावत्या मार्गाचे जतन महाराष्ट्रात एकाच ठिकाणी खऱ्या अर्थाने झाले, ते नेरळ–माथेरान येथे. पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने 1904 ते 1907 या काळात बांधलेला हा 610 मिलिमीटर गेजचा, सुमारे 21 किलोमीटरचा मार्ग, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशा छोट्या स्थानकांसह टिकला आहे. 2005 आणि 2019 च्या पावसाने तो उद्ध्वस्त केला, तरी दोन्ही वेळा दुरुस्त झाला. पण तेथे पर्यटक आहेत, माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीतही त्याचा समावेश आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या डोंगरी मार्गांना 1999 ते 2008 या काळात मिळालेली मान्यता हीच दिशा दाखवते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या शेतमजुरासाठी चाललेल्या गाडीवर हा नमुना बसत नाही.

ब्रिटनचा अनुभव या संदर्भात वारंवार सांगितला जातो. तेथे 1963 च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. पण त्याआधीच, 1951 मध्ये, वेल्समधील टॅलिलिन या छोट्या मार्गावर स्वयंसेवकांनी स्वतः गाड्या चालवायला सुरुवात केली होती, आणि पुढे अशा कितीतरी संस्था उभ्या राहिल्या. भारतात ही वाट अरुंद आहे, कारण जमीन, रूळ आणि इमारत तिन्ही रेल्वे प्रशासनाच्या ताब्यात असतात. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षांची अट आणि राष्ट्रीय महत्त्वाची कसोटी आहे. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्यात शोभते, मालधक्का नाही. शहरांच्या विकास नियंत्रण नियमावलीतील वारसा तरतुदी खेड्यांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि 1989 च्या रेल्वे कायद्याचे 11 वे कलम रेल्वेला आपल्या हद्दीत आवश्यक बांधकामाचे व्यापक अधिकार देते. अमृत भारत स्थानक योजनेखाली ऑगस्ट 2023 मध्ये देशातील 508 स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. लिफ्ट, रुंद फलाट, छत या गरजा खऱ्याच आहेत, पण जुन्या दर्शनी भागांच्या जागी येणारे एकसारखे मुखवटे पाहता त्या त्या गावचा इतिहास त्या आराखड्यात कोणी विचारात घेतला होता असे दिसत नाही.

अशा स्थितीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित जतन कागदाचे आहे. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रेल्वेविषयक संचिका आहेत. जिल्हा गॅझेटियरांत एकोणिसाव्या शतकातील स्थानकांच्या प्रवासी व माल वाहतुकीचे तपशील सापडतात. आणि प्रत्येक मार्गाच्या जमिनीचे नकाशे, ज्यांत स्थानकाची हद्द, विहीर, घरे, गोदाम असे सगळे दाखवलेले असते, रेल्वेच्या अभियांत्रिकी कार्यालयांत ठेवलेले असतात. स्थानकातल्या नोंदवह्या मात्र ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात, आणि कोणत्या दिवशी किती कापसाच्या गाठी, किती गुळाच्या ढेपा, किती वारकरी त्या गावातून गेले ही माहिती तेवढ्याच वह्यांत असते. यवतमाळला वर्धा–यवतमाळ–नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग जोडत असताना शकुंतलेच्या रुंदीकरणाचीही मागणी होत आहे. मूर्तिजापूरहून निघणाऱ्या दोन्ही शाखांवर नव्या रुळांचे काम सुरू होण्याआधी प्रत्येक स्थानकाचे मोजमाप करणे, एखादी इमारत टपाल कार्यालय, ग्रंथालय किंवा बस थांब्यासाठी वापरात ठेवण्याचा निर्णय घेणे आणि उरलेल्या नोंदवह्या पुराभिलेखागाराकडे वर्ग करणे अजूनही शक्य आहे. बार्शी मार्गावर ती वेळ निघून गेली आहे; तेथे अभ्यासकाला आता निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी, खासगी छायाचित्रे आणि जमिनीच्या नकाशांवरच भिस्त ठेवावी लागते.